भिंतीचे भाडे आणि चित्राचे मोल

नव्या गावी बदली होऊन आलेल्या बँक अधिकाऱ्याला त्या गावाची पहिली ओळख तेथील भिंतींवरून होते. कोणत्या शिकवणीवर्गाचा जोर आहे, कोणत्या सिमेंटची एजन्सी गावात आहे, निवडणूक नुकतीच झाली की व्हायची आहे, हे सारे कर्जाचा पहिला अर्ज हाती येण्यापूर्वीच भिंती सांगून टाकतात. काही वर्षांपूर्वी माझी बदली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील, फरीदाबाद जिल्ह्यातल्या एका कसब्याच्या शाखेत झाली, तेव्हा माझाही अनुभव असाच होता. तेथील एका भिंतीने मला जे शिकवले, ते वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला शिकायला मिळाले नव्हते. त्या भिंतीविषयी आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आज लिहावयाचे आहे. ग्राहकाच्या गोपनीयतेचे भान ठेवून गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही. दुकानाविषयी जे लिहिले आहे, ते दुकानदारानेच चारचौघांत सांगितलेले आहे.

आमच्या शाखेजवळ एका हलवायाचे जुने दुकान आहे. त्याला दुकान वाढवायचे होते. पंतप्रधान मुद्रा योजनेत लहान व्यावसायिकांना मिळणाऱ्या कर्जांची 'शिशु', 'किशोर', 'तरुण' अशी नावे आहेत, हे वाचकांना ठाऊक असेलच. पन्नास हजारांच्या वर आणि पाच लाखांपर्यंतचे कर्ज ते 'किशोर'. हलवायाचा अर्ज याच गटातील होता. मोठा डीपफ्रीज, खवा आटवण्याचे यंत्र, काचेचे कपाट अशा खर्चाच्या अंदाजात शेवटची एक बाब होती : 'फलक व बाजूच्या भिंतीचे रंगकाम, अठरा हजार रुपये.' मी त्या आकड्याभोवती गोल काढला आणि म्हणालो, "लालाजी, समोरच तर शाळा आहे. भिंत मुलांकडून रंगवून घ्या. मुलेही खूश होतील आणि तुमचा खर्चही वाचेल." लालाजींना कल्पना फारच आवडली. माझ्या टिपणीत 'अनावश्यक खर्च वगळला' अशी नोंद झाली आणि कर्ज मंजूर झाले.

दिवाळीपूर्वी नववी ते अकरावीतील सात मुलामुलींनी बारा दिवस खपून ती भिंत रंगवली. दुकानाच्या दारी येणाऱ्या माणसांची एक लांबलचक मिरवणूक त्यांनी काढली होती. वरातीतला घोडा, डोक्यावर दुधाची घागर घेतलेली बाई, सायकलवरचा पोस्टमन, निकालाचा कागद आणि लाडवांचा पुडा घेऊन धावणारी मुलगी. मिरवणुकीच्या टोकाला भली मोठी कढई होती आणि तिच्या वाफेतून बगळ्यांची रांग उडत होती. त्या भिंतीपाशी लोक थांबू लागले, छायाचित्रे काढू लागले. 'बगळ्यांवाला हलवाई' ही दुकानाची नवी खूण झाली. ती दिवाळी आजवरची सर्वांत चांगली गेल्याचे लालाजी सांगत. त्याचे सारे श्रेय चित्राला देणे हिशेबाला धरून होणार नाही, पण काहीच न देणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलांना एकेक प्लेट गरम जिलबी आणि घरी न्यायला मिठाईचा एकेक पुडा मिळाला. कोपऱ्यात नावे लिहू का, असे त्यांनी विचारले तेव्हा, भिंत दुकानाची आहे, तीवर दुकानाचेच नाव शोभेल, असे उत्तर मिळाले.

पुढच्या वर्षी एका शिकवणीवर्गाने ती भिंत जाहिरातीसाठी वार्षिक भाड्याने घेतली. एका दुपारी पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात फिरले आणि वरात, पोस्टमन, बगळे सारेच नाहीसे झाले. काही दिवसांनी त्या सात जणांपैकी एक मुलगी शिष्यवृत्तीच्या खात्याचे कागद घेऊन शाखेत आली. काम झाल्यावरही ती उभीच राहिली आणि मग तिने अगदी शांतपणे विचारले, "सर, भिंतीला भाडे मिळते, मग चित्राला का नाही मिळत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते नव्हते याची लाज वाटण्याचे आणखी एक कारण होते. मी स्वतः चौदाव्या वर्षी, शासकीय रेखाकलेची एलिमेंटरी परीक्षा नुकतीच देऊन झाल्यावर, आमच्या गावातील पिठाच्या गिरणीचा फलक रंगवला होता. गिरणीवाल्या काकांनी कुंकवाचे बोट लावलेल्या पाकिटात घालून मला एक्कावन्न रुपये दिले होते. त्या पैशांतूनच माझे पहिले बचत खाते उघडले गेले. म्हणजे ज्याला लहानपणी कामाचे मोल मिळाले, त्यानेच मोठेपणी सात मुलांचे मोल एका शेऱ्यात वगळून टाकले होते.

दिल्लीच्या भिंतींनी शिकवलेले

भिंतीवरील चित्रांनी परिसराचे रूप पालटते, हे सिद्ध करण्यासाठी आम्हा दिल्लीकरांना दूर जावे लागत नाही. 2014 साली स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने शाहपूर जाट या जुन्या वस्तीत भित्तिचित्रांचा उपक्रम केला. अलाउद्दीन खिलजीच्या सिरीच्या अवशेषांलगत वसलेले हे गाव आज कपड्यांच्या लहान दुकानांसाठी आणि भरतकामाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. अनपू वर्की यांनी तेथे काढलेली, लोकरीच्या गुंड्याशी खेळणारी प्रचंड मांजर ही त्या अरुंद गल्ल्यांतील खूणच होऊन बसली. त्याच वर्षी आयटीओ चौकातील तेव्हाच्या पोलीस मुख्यालयाच्या इमारतीवर वर्की आणि जर्मन चित्रकार हेंड्रिक बाइकिर्ख यांनी सुमारे दीडशे फूट उंचीचे महात्मा गांधींचे चित्र रंगवले. पुढे लोधी कॉलनीत, इंग्रज अमदानीच्या अखेरीस सरकारी नोकरांसाठी बांधलेल्या घरांच्या भिंतींवर देशोदेशींच्या कलावंतांनी पन्नासांहून अधिक चित्रे काढली. खन्ना मार्केट आणि मेहरचंद मार्केट यांच्यामधल्या या रस्त्यांवर लोक आज केवळ भिंती पाहायला येतात.

हे मोठे उपक्रम प्रौढ, नामवंत कलावंतांचे होते. त्यांच्यामागे संस्था, परवानग्या आणि रंगांच्या कंपन्यांचे पाठबळ होते. गावोगावची शाळकरी मुले जेव्हा एखाद्या किराणा दुकानाची, सायकल दुरुस्तीच्या टपरीची किंवा हलवायाची भिंत रंगवतात, तेव्हा यातले काहीच त्यांच्यामागे नसते. मग 'हौस' हा एक शब्द पुढे केला जातो आणि त्या शब्दाच्या आड मोबदला, नाव व सुरक्षितता या तिन्ही गोष्टी लपून जातात. माझा आक्षेप आहे तो या शब्दाच्या अशा वापराला.

महाराष्ट्राला या बाबतीत एक सुंदर परंपरा आहे. 1966 च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला असता, हस्तकला मंडळाच्या वतीने पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीस पाठवले. तेथील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या घरच्या भिंती रंगवीत होत्या. कुलकर्णींनी त्यांना कागद दिले आणि त्या चित्रांना विक्रीची वाट मोकळी झाली. पुढे ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची कला जगापुढे येण्यातही कुलकर्णींचा वाटा होता. मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत सौंदर्य आधीपासूनच होते. त्याचे मोल चित्र काढणाऱ्याच्या हाती पोहोचावे, यासाठी मध्ये कोणीतरी उभे राहणे तेवढे आवश्यक होते. बँक अधिकाऱ्याला हे काम अपरिचित वाटू नये.

फुकटाचा हिशेब

हिशेबशास्त्रात 'ख्याती' नावाची एक संकल्पना आहे. ग्राहक पुन्हा त्याच दुकानात का येतो, याचे पैशांतील मूल्य म्हणजे ख्याती. आपल्या लेखामानकांनुसार व्यवसायाने स्वतः निर्माण केलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. बगळ्यांच्या भिंतीने हलवायाला जे मिळवून दिले, ते म्हणूनच कोणत्याही रकान्यात दिसले नाही. खर्च शून्य, मालमत्ता शून्य. पण जे रकान्यात दिसत नाही ते अस्तित्वातच नसते, असे मानणे ही आम्हा हिशेबनिसांची जुनी खोड आहे. तीच भिंत भाड्याने गेली तेव्हा मात्र उत्पन्नाची नोंद ताबडतोब झाली.

कायद्याच्या दृष्टीनेही फुकटचे चित्र दुकानदाराला वाटते तितके फायद्याचे नसते. आपल्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणाऱ्याकडे जातो. मोबदला दिलाच नसेल तर ही तरतूद दुकानदाराच्या मदतीला येत नाही आणि हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो. मग ते चित्र मिठाईच्या पुड्यावर छापायचे झाले, तर परवानगी मागावी लागेल ती मुलांकडे! याउलट, योग्य रक्कम देऊन लेखी नोंद केली की दोन्ही बाजूंना आपापली जागा स्पष्ट होते.

मोबदला दिला म्हणून चित्रकाराचा संबंध संपतो, असेही नाही. याचा सर्वांत गाजलेला निवाडा दिल्लीतलाच आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनासाठी घडवलेले कांस्याचे भव्य भित्तिशिल्प 1979 साली नूतनीकरणाच्या वेळी उतरवून गोदामात टाकले गेले. सहगल न्यायालयात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाख रुपयांची भरपाई आणि शिल्पाचे उरलेले भाग परत करण्याचा आदेश दिला. निर्मात्याचे आपल्या कलाकृतीशी असलेले नाते ती विकली गेल्यानंतरही उरते, हे तत्त्व या निकालाने आपल्याकडे ठसवले. गावातील हलवायाने याच्या धसक्याने भिंत रंगवणेच सोडावे, असे मी म्हणत नाही. चित्र किती काळ ठेवायचे हे आधी सांगावे आणि पुसण्यापूर्वी मुलांना निदान छायाचित्र काढून घेऊ द्यावे, एवढे सौजन्य तर कोणालाही परवडते.

मुलांना पैसे द्यावेत का?

या विषयावर सहकाऱ्यांशी बोलताना तीन आक्षेप हमखास ऐकू आले. त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तिन्हींत काही तथ्य आहे.

पहिला आक्षेप असा, की कोवळ्या वयात पैसा हाती आला की मुलांची हौस मरते आणि व्यवहार शिरतो. मला स्वतःला गिरणीवाल्या काकांच्या एक्कावन्न रुपयांनी चित्रकलेपासून दूर नेले नाही. आपल्या हाताला किंमत आहे, हे मात्र त्या पाकिटाने कायमचे शिकवले. मुलांनी शाळेची, देवळाची किंवा गणेशोत्सवाच्या मंडपाची सजावट विनामूल्य करावी, ती सेवा आहे आणि तिचा आनंद वेगळाच. पण ज्या भिंतीमुळे एखाद्याचा गल्ला भरणार आहे, तेथे सेवा आणि धंदा यांतील रेषा मोठ्यांनीच आखून दिली पाहिजे.

दुसरा आक्षेप बालमजुरीचा. हा सर्वांत गंभीर आहे. 2016 च्या सुधारणेनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कौटुंबिक उद्योगातील मदतीसारखे मोजके अपवाद सोडता, बंदी आहे. चौदा ते अठरा वयोगटातील मुलांना धोकादायक कामांना लावता येत नाही. तेव्हा लहानग्यांना अशा कामात ओढूच नये. मोठ्या मुलांकडूनही शाळेच्या वेळात, भर उन्हात किंवा परांचीवर चढवून काम घेऊ नये. जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल तेवढीच भिंत त्यांची. रंगही पाहून घ्यावेत. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, असा नियम 2017 पासून लागू आहे. डब्यावरील मजकूर वाचायला दोन मिनिटे लागतात. 'पैसे देत नाही, म्हणून ही मजुरी नाही' असा युक्तिवाद मात्र कोणी करू नये. फुकट राबवून घेतल्याने काम हलके होत नाही.

तिसरा आक्षेप एका वृद्ध पेंटरने घेतला आणि तो मला सर्वांत जिव्हारी लागला. तो म्हणाला, "साहेब, फ्लेक्सने आमचे अर्धे काम नेले, उरलेले आता ही पोरे फुकटात करणार." त्याचे म्हणणे खरे होते. खर्चाच्या अंदाजातून मी जे अठरा हजार वगळले होते, ते अशाच एखाद्याच्या घरी गेले असते. हाताने अक्षरे रंगवणाऱ्या पेंटरांची कला लोप पावू नये म्हणून हनीफ कुरेशी यांनी दिल्लीचे पेंटर कफील यांच्यासारख्यांची वळणदार अक्षरे जमवून ती संगणकावर आणण्याचा प्रकल्प केला होता. स्टार्ट इंडियाच्या संस्थापकांपैकी एक असलेले कुरेशी 2024 साली अकाली गेले. त्यांच्या कामातून घेण्याजोगा धडा असा, की रस्त्यावरचा पेंटर हा उस्ताद आहे. त्याला बाजूला सारून मुलांना पुढे आणण्यापेक्षा, त्यालाच मार्गदर्शक म्हणून नेमावे. अक्षरे त्याची, चित्रे मुलांची, आणि मोबदला दोघांनाही.

आपल्या शाखेला काय करता येईल?

हे सारे बँकेच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझ्या मते याची सुरुवातच बँकेच्या टेबलावर होते, कारण माझी चूक तेथेच झाली होती.

पहिली गोष्ट, लहान व्यावसायिकांच्या प्रकल्प अहवालात दर्शनी भागाचा आणि फलकाचा खर्च दिसला, की तो उधळपट्टी समजून खोडण्याची सवय आम्ही अधिकाऱ्यांनी सोडावी. तो वाजवी आहे की नाही हे जरूर तपासावे. पण वाजवी खर्च हा खर्चच असतो आणि तो कोणाची तरी मिळकत असतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या खात्याची. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये काढलेल्या सुधारित सूचनांनुसार, दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बचत व मुदत ठेव खाती स्वतंत्रपणे उघडून चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. त्याची मर्यादा प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते आणि अशा खात्यातून शिलकीपेक्षा अधिक रक्कम काढू दिली जात नाही. मुलांचा मोबदला रोखीने हातावर टेकवण्यापेक्षा त्यांच्या नावे खात्यात जमा व्हावा. पासबुकातील ती नोंद मुलांना प्रशस्तिपत्राहून अधिक काळ पुरेल.

तिसरी गोष्ट कराराची. अज्ञान व्यक्तीशी केलेला करार आपल्या कायद्यात निरर्थक ठरतो, हे 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात स्पष्ट केले. म्हणून दुकानदाराने लेखी बोलणे मुलांच्या पालकांशी करावे. एक साधा कागद पुरेसा आहे : भिंत कोणती, काम किती दिवसांचे, रंगाचा खर्च कोणाचा, मोबदला किती, नावे कोठे लिहायची आणि चित्र किती काळ ठेवायचे. दिल्लीत मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध 2007 चा कायदा असून त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा मालकाची लेखी संमती घेऊन, पालिकेचे नियम विचारूनच ब्रश उचलावा.

गेल्या वर्षी आमच्याच एका ग्राहकाने आपल्या सायकलच्या दुकानाची भिंत याच पद्धतीने रंगवून घेतली. वर उल्लेखिलेला वृद्ध पेंटर मुलांबरोबर तेथे रोज संध्याकाळी उभा असे. शाखेत प्रश्न विचारणारी ती मुलगी आता बारावीत आहे. या वेळी ती चित्र काढणाऱ्यांत होती आणि बोलणी करणाऱ्यांतही. मोबदल्याच्या आकड्यावर तिने दुकानदाराशी चांगली घासाघीस केली. ती पाहून, कर्ज विभागात अशा माणसांची गरज आहे, असे माझ्या मनात येऊन गेले.

हलवायाच्या भिंतीवर अजूनही शिकवणीवर्गाची जाहिरात आहे. लालाजींनी करार संपल्यावर ती भिंत पुन्हा मुलांना देण्याचे कबूल केले आहे, या वेळी रीतसर मोबदला देऊन. मधल्या काळात पावसाने जाहिरातीचा पांढरा रंग एका कोपऱ्यात उडाला आहे आणि तेथे एका बगळ्याचा पंख दिसू लागला आहे. बँकेत येता-जाता माझी नजर तिकडे जाते. 'अनावश्यक खर्च वगळला' हा माझा शेरा जुन्या फाईलमध्ये तसाच आहे. तो आता बदलता येणार नाही. पुढचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा लेखणी थोडी थांबवून विचार करता येईल, आणि माझ्या सहकाऱ्यांनीही तो करावा, एवढीच विनंती.